हिरव्या चौकोनांची पत

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक जागा भरायची होती. अर्ज तीनशेच्या वर आले. एवढे अर्ज नीट वाचायला कोणाकडेच वेळ नव्हता, म्हणून पहिली चाळणी लावायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक अर्जातली गिटहबची लिंक उघडत गेलो. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे ठेवतात ती जागा. तिथे प्रत्येकाच्या पानावर वर्षभराचा एक तक्ता असतो, दिवसाला एक चौकोन. त्या दिवशी काही काम केलं असेल तर चौकोन हिरवा, जास्त केलं असेल तर गडद हिरवा, काहीच नसेल तर कोरा. हिरवेगार तक्तेवाले मी आत घेतले, कोरे तक्तेवाले बाहेर काढले. दोन संध्याकाळी पुरल्या.

बाहेर काढलेल्यांत एका बाईंचा अर्ज होता. नऊ वर्षांचा अनुभव, बँकांच्या पेमेंट व्यवस्थांवर केलेलं काम, आणि तक्ता संपूर्ण कोरा. काही महिन्यांनी दुसऱ्या टीममधल्या एका सहकाऱ्याशी जेवताना बोलता बोलता त्यांचं नाव निघालं. तो त्यांच्या हाताखाली काम केलेला. म्हणाला, रात्री दोन वाजता पेमेंट अडकलं की सगळे त्यांनाच फोन करायचे. मी म्हटलं, पण त्यांचं गिटहब तर रिकामं आहे. तो हसला. "बँकेचा कोड गिटहबवर कोण टाकेल रे?"

हे मला कळायला हवं होतं. माझा स्वतःचा ऑफिसातला कोडही बाहेर कुठे दिसत नाही. तरीही दोन संध्याकाळी मी तीनशे माणसांना हिरव्या रंगावरून तोललं, आणि तेव्हा त्यात काही वावगं आहे असं वाटलंही नाही. ही सवय आमच्या धंद्याला लागली कधी आणि कशी, ते शोधत मी मागे मागे गेलो. त्यातून हा लेख झाला.

पत

माझे बाबा कराडला एका पतसंस्थेत तीस वर्षं कर्ज विभागात होते. 'पत' हा शब्द मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलो. अमक्याची बाजारात पत आहे, तमक्याची गेली. पत म्हणजे नुसती प्रसिद्धी नव्हे. गावात सगळे ओळखतात पण उधार कोणी देत नाही, अशी माणसं प्रत्येक गावात असतात. पत म्हणजे तुमच्या शब्दावर दुसरा माणूस स्वतःचे पैसे धोक्यात घालायला तयार असणं.

म्हणून कर्जाच्या अर्जावर दोन जामीनदार लागतात. कर्जदाराने हप्ते थकवले तर नोटीस जामीनदारालाही जाते. १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'एकशे एकचा दाखला' निघाला की जामीनदाराच्या पगारातूनही वसुली होऊ शकते. त्यामुळे सही करण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो. बाबा म्हणायचे, अर्जदार काय सांगतो ते वाचायचंच, पण आधी जामीनदार कोण आहेत ते बघायचं.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे इंटरनेटवरच्या प्रोग्रामरांची पतही सुरुवातीला बरीचशी अशीच चालायची.

नाव आणि कोड

आपल्याबद्दल संगणकाच्या जाळ्यावर चार ओळी लिहून ठेवण्याची सोय फार जुनी आहे. १९७१च्या सुमाराला स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी 'फिंगर' नावाचा प्रोग्राम लिहिला. आत्ता कोण कामावर आहे, कोण नाही, हे त्यातून कळायचं. आपण काय करतोय, कुठे गेलोय, हे लिहून ठेवायला 'प्लॅन' नावाची एक फाइल असायची. ऑफिसच्या दारावर 'जेवायला गेलोय' अशी चिठ्ठी लावतात, तसा हा प्रकार. नव्वदच्या दशकात 'डूम' आणि 'क्वेक' या गेम्सचे प्रोग्रामर जॉन कारमॅक याच फाइलमध्ये आपल्या कामाची टिपणं लिहायचे आणि जगभरचे लोक ती वाचायचे. पण त्या टिपणांत दिवसभरात काय दुरुस्त केलं आणि काय बिघडलं हेच मुख्यतः असायचं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यूजनेटवरच्या मिनिक्स या प्रणालीच्या चर्चागटात एक निरोप टाकला. मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही, मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं काय नाही ते सांगा, अशा अर्थाचा. हा मुलगा म्हणजे लिनस टोरवाल्ड्स आणि ती सिस्टिम म्हणजे लिनक्स. आज कोणी नवा प्रकल्प जाहीर करताना इतकं हात राखून लिहील का, याची मला शंका आहे.

पाच महिन्यांनी, जानेवारी १९९२मध्ये, मिनिक्सचे कर्ते आणि नावाजलेले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी त्याच चर्चागटात जाहीर केलं की लिनक्सची रचना कालबाह्य आहे. तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असंही त्यांनी सुनावलं. पोरगाही गप्प बसला नाही. तावातावाने उत्तर दिलं, मग भाषेबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. एक नामांकित प्राध्यापक आणि एक पदवीही न झालेला विद्यार्थी चार लोकांसमोर भांडत होते, आणि बघणाऱ्यांच्या हाती दोघांचंही काम होतं. ज्याला वाटेल त्याने कोड उतरवून घ्यावा, चालवून बघावा.

मला हे महत्त्वाचं वाटतं. टोरवाल्ड्सचं नाव झालं ते लोकांनी त्याचा कोड वापरला म्हणून. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये 'क्रेडिट्स' नावाची एक साधी फाइल आहे. माणसाचं नाव, पत्ता, आणि त्याने काय केलं त्याची एखादी ओळ. कोणी कुठल्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर लिहिला, कोणी नेटवर्कचा भाग सांभाळला. तिथे चौकोन नाहीत, गुण नाहीत. तुमचा बदल आत घ्यायचा की नाही हे त्या भागाचा सांभाळकर्ता ठरवायचा. त्याने घेतला आणि पुढे काही मोडलं, तर शिव्या त्यालाही खाव्या लागायच्या. म्हणजे तो एका अर्थी तुमचा जामीनदारच.

पंडितांचं स्पष्टीकरण

फुकट काम करून हे लोक मिळवतात काय, हा प्रश्न लवकरच विचारला जाऊ लागला. एरिक रेमंड यांनी १९९८मध्ये एका निबंधात मांडलं की या लोकांचा समाज दानावर चालतो: जो जास्त आणि चांगलं देतो त्याचा मान मोठा. जॉश लर्नर आणि जाँ तिरोल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जरा रोकडं उत्तर दिलं. कंपनीच्या आत केलेलं काम बाहेर दिसत नाही, उघड्यावर केलेलं काम सगळ्यांना दिसतं, म्हणून पुढच्या नोकरीसाठी तो चांगला संकेत ठरतो. पुढे तिरोल यांना २०१४चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.

'संकेत' ही कल्पना त्यांच्याही आधीची, मायकल स्पेन्स यांची, १९७३ची. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराच्या अंगची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणा बघतो. स्पेन्स यांच्या मांडणीतली कळीची अट अशी, की ती खूण मिळवणं कुवत असणाऱ्याला तुलनेने स्वस्त आणि नसणाऱ्याला महाग पडलं पाहिजे. दोघांनाही ती सारखीच स्वस्त पडली तर खुणेला अर्थ उरत नाही. आमच्या धंद्याच्या पुढच्या वीस वर्षांचा बराचसा इतिहास या अटीत बसतो.

मी नावाची कंपनी

१९९७च्या उन्हाळ्यात 'फास्ट कंपनी' या अमेरिकन मासिकात टॉम पीटर्स या व्यवस्थापन सल्लागारांचा एक लेख आला. त्याचं नाव मराठीत साधारण 'तुम्ही नावाचा ब्रँड' असं होईल. म्हणणं असं, की प्रत्येकाने स्वतःला एक कंपनी समजावं आणि आपणच तिचे प्रमुख आहोत असं वागावं. वरवर हा लेख उत्साही आहे, पण तो आला कोणत्या काळात ते बघितलं पाहिजे. त्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली होती. आयुष्यभर एकाच कंपनीत नोकरी हा करार मोडला होता. कंपनी तुम्हाला सांभाळणार नसेल तर तुमचं नाव तुम्हीच सांभाळा, असा त्याचा सरळ अर्थ.

मी त्याच्या पुढच्याच वर्षी जन्मलो. माझ्या पिढीला हा सल्ला म्हणून कोणी सांगितला नाही, तो हवेतच होता. कॉलेजात तिसऱ्या वर्षी एका कार्यशाळेत आम्हा सगळ्यांना 'पर्सनल ब्रँड' तयार करायला लावलं होतं. आमच्यापैकी कोणी तोवर एकही प्रोग्राम मन लावून पूर्ण केलेला नव्हता.

आकडे येतात

लोक लाखांनी वाढले की कोण कसा आहे हे ओळखीवरून कळेनासं होतं, आणि मग मोजमाप येतं. स्लॅशडॉट या संकेतस्थळाने चांगलं लिहिणाऱ्यांना 'कर्म' नावाचे गुण देण्याची पद्धत आणली. लोक त्या आकड्याचा खेळ करू लागले, तेव्हा चालकांनी आकडा काढून तिथे नुसते 'चांगलं', 'उत्तम' असे शब्द ठेवले. १९९९मध्ये राफ लेव्हिएन यांनी अ‍ॅडव्होगॅटो सुरू केलं. तिथे प्रोग्रामर एकमेकांना शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा पायऱ्यांवर प्रमाणित करायचे. खोटी खाती उघडून एकमेकांना उस्ताद ठरवणाऱ्यांची टोळी आली तरी ती आत शिरू नये, असं गणित त्यांनी मांडलं होतं. विश्वास काही ओळखीच्या माणसांपासून सुरू व्हायचा आणि प्रमाणपत्रांच्या साखळीतून पुढे जायचा, पण एका माणसातून ठरावीक प्रमाणातच वाहायचा. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एका माणसाने किती जणांना जामीन राहायचं त्याला मर्यादा. आमच्याकडेही होती." इतकी विचारपूर्वक केलेली व्यवस्था, पण ती एका छोट्या वर्तुळापुरती राहिली.

चाललं ते सोपं होतं. लिंक्डइन मे २००३मध्ये सुरू झालं. २०१२मध्ये त्यांनी एका क्लिकसरशी दुसऱ्याच्या कौशल्याला दुजोरा देण्याची सोय केली. माझ्या खात्यावर जावा येतं म्हणून चौतीस जणांचा दुजोरा आहे. त्यात माझी एक आतेबहीण आहे, जी दंतवैद्य आहे. स्टॅक ओव्हरफ्लो २००८मध्ये आलं. तिथे प्रश्नांना चांगली उत्तरं दिली की प्रतिष्ठेचे गुण मिळायचे. खुणेची किंमत तिथे पुष्कळ शाबूत होती, कारण चुकीचं उत्तर लोक लगेच खाली ढकलायचे. त्याच वर्षी गिटहब आलं, आणि जानेवारी २०१३मध्ये तिथे हिरवे चौकोन आले.

सुरुवातीला या तक्त्यासोबत तुम्ही सलग किती दिवस काम केलंत याचा आकडाही दिसायचा. लोक आजारपणात, सुटीत, लग्नाच्या दिवशीही मालिका तुटू नये म्हणून काहीतरी टाकू लागले. मे २०१६मध्ये गिटहबने तो आकडा काढला. चौकोन राहिले.

आतून हे चौकोन किती तकलादू आहेत ते आमच्यातल्या अनेकांना माहीत असतं. गिट या साधनात कामाची तारीख तुमचाच संगणक सांगतो आणि ती हवी ती देता येते. नाव आणि ईमेलसुद्धा तुम्ही लिहाल ते. दहा ओळींचा प्रोग्राम लिहून गेलं अख्खं वर्ष हिरवं करता येतं. चौकोनांतून चित्रं आणि अक्षरं काढणारी तयार साधनंही आहेत. स्पेन्स यांच्या अटीच्या भाषेत सांगायचं तर ही खूण सगळ्यांना सारखीच स्वस्त आहे. मीही त्या दोन संध्याकाळी तीच बघत होतो.

टी-शर्ट

आता माझी गोष्ट. डिजिटलओशन ही कंपनी २०१४पासून दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. मुक्त प्रकल्पांत ठरावीक संख्येने बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. हेतू चांगला होता, आणि अनेक वर्षं ती चांगली चाललीही.

ऑक्टोबर २०२०मध्ये मी शेवटच्या वर्षाला होतो. कोविडमुळे हॉस्टेल बंद, आम्ही सगळे घरी. प्लेसमेंटचं काय होणार कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी चार बदल पुरेसे होते. ते पटकन कसे करायचे याचा एक हिंदी व्हिडिओ फिरत होता. कुठलाही प्रकल्प घ्या, त्याच्या माहितीच्या पानावर एखादा शब्द घाला, पाठवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत जगभरच्या प्रकल्पांवर अशा बदलांचा मारा झाला. इतका, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनी तसं आधी सांगावं असं ठरवावं लागलं.

त्या माऱ्यात माझेही चार होते. एका ठिकाणी मी प्रकल्पाच्या नावाआधी 'अप्रतिम' या अर्थाचा शब्द घातला. तो प्रकल्प सांभाळणारा माणूस कोण कुठला मला माहीत नाही. त्याने माझा बदल नाकारला आणि खाली लिहिलं की आज सकाळपासून असे चाळीस आले, मी नोकरी करून रात्री हे काम करतो, कृपा करून थांबा. मी ते वाचलं आणि पुढच्या प्रकल्पाकडे गेलो. त्या माऱ्यातली बरीचशी नावं भारतीय होती आणि त्यावरून आपल्याला पुष्कळ बोल लागले. त्यातले काही वर्णद्वेषी होते, पण मूळ तक्रार खरी होती. आम्ही कोड लिहायला शिकण्याआधी खूण मिळवायला शिकलो होतो. त्या महिन्यातले माझे चौकोन मात्र हिरवे झाले, आणि पुढे एका मुलाखतीत समोरच्याने त्यांचं कौतुकही केलं.

ज्याची पत खोटी होती

एक्सझेड हे फाइली लहान करण्याचं साधन. जगातल्या बहुतेक लिनक्स संगणकांवर ते असतं. अनेक वर्षं ते फिनलंडमधले लासे कॉलिन जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२१च्या अखेरीस 'जिया टॅन' नावाने कोणीतरी छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. दुरुस्त्या नीटनेटक्या होत्या. २०२२मध्ये प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर दोन-तीन अनोळखी नावं उगवली, त्यातलं एक होतं 'जिगर कुमार'. काम फार मंद चाललंय, नवा सांभाळकर्ता आणा, असा त्यांचा धोशा. कॉलिन यांनी उत्तरात सांगितलं की आपलं मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे छंद म्हणून, बिनपैशाचं चाललेलं काम आहे. दबाव चालूच राहिला. हळूहळू जिया टॅनला प्रकल्पाच्या किल्ल्या मिळाल्या.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत तो लपवलेला होता, आणि त्यातून दुसऱ्याच्या संगणकात बाहेरून शिरता आलं असतं. तो सापडला तो योगायोगाने. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमधले आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच चाचण्या घेत होते. त्यांना दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. ते त्यामागे लागले आणि २९ मार्च २०२४ला त्यांनी सगळं जाहीर केलं. बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो कोड अजून पोचला नव्हता. जिया टॅन कोण होतं ते आजवर उघड झालेलं नाही. जिगर कुमार नावाचा कोणी माणूस असल्याचा मागही लागलेला नाही.

जिया टॅनचं गिटहबचं पान त्या दोन संध्याकाळी माझ्यासमोर आलं असतं तर मी ते नक्की आत घेतलं असतं. दोन वर्षांचं सातत्य, नम्र भाषा, खरं उपयोगी काम. हा चोर माझ्यासारखा शब्द घालून पसार झाला नव्हता. त्याने खुणेची पूर्ण किंमत मोजली होती. आणि ज्या लासे कॉलिन यांनी पंधरा वर्षं जगाचं ओझं वाहिलं, त्यांच्या नावाचा कोणी ब्रँड नव्हता. असता तर कदाचित मदतीला खरी माणसंही आली असती.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "त्याला जामीन कोण होतं?"

कोणीच नव्हतं. जिगर कुमार होता.

शेवटी

पूर्वीचा काळ चांगला होता असं मला म्हणायचं नाही. १९९१मध्ये यूजनेटवर पोचायला हेलसिंकीसारखं विद्यापीठ लागायचं. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही आधी मोठ्या शहरांत. ओळखीच्या वर्तुळावर चालणारी पत वर्तुळाबाहेरच्याला जाचक असते. बाबांच्या पतसंस्थेतही ज्याला जामीनदार मिळत नाही तो सावकाराकडे जायचा. चौकोनांनी आणि गुणांनी कराडच्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोरांच्या रांगेत उभं केलं, हेही खरं आहे. तो पोरगा मीच.

पण दिसतं ते काम आणि न दिसणारं काम यांत न दिसणारं नेहमी जास्त असतं. बँकेचा कोड, आजारी आईपाशी गेलेल्या संध्याकाळी, दुसऱ्याच्या कोडमधली टाळलेली चूक, यांचा चौकोन होत नाही.

आमच्या टीममध्ये पुढची जागा निघाली तेव्हा मी तक्ते बघायचे नाहीत असं सुचवलं. आता आम्ही उमेदवाराला एकच गोष्ट आधी पाठवायला सांगतो: तुमचा अंदाज चुकला आणि तुम्ही तो दुरुस्त केलात, असा एक प्रसंग पानभर लिहा. आणि ज्याने तुमच्यासोबत काम केलंय अशा एका माणसाशी आम्ही फोनवर बोलतो. यात वेळ फार जातो. तीनशे अर्जांना हे जमत नाही, म्हणून पहिल्या चाळणीचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि आमच्यातले काही जण अजूनही गुपचूप चौकोन बघत असणार.

त्या बाईंचा नंबर माझ्या सहकाऱ्याकडे होता. तोवर त्यांना दुसरीकडे नोकरी लागली होती. मी तरीही फोन केला आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, माझंच काहीतरी कमी पडतंय."